१६ पिक्सेल कुठून आले? वाचता येईल अशा अक्षराचा इतिहास

(धागा)

१/
गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर आजीने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बघ गं, आता माझे डोळे गेले." पडद्यावर निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याविषयीच्या सूचना होत्या. त्याच दिवशी सकाळी तिने चष्मा लावून पोथीचा एक अख्खा अध्याय वाचलेला मी पाहिला होता. मग दुपारपर्यंत डोळे कसे जातील?

२/
मी दोन बोटांनी पान मोठे करून पाहिले. पान हलले नाही. ते मोठे करता येऊ नये अशी सूचनाच बनवणाऱ्याने त्यात घालून ठेवली होती. म्हणजे आजीला कोणत्या आकाराचे अक्षर पुरेल, हे तिला कधीही न पाहिलेल्या कोणीतरी ठरवले होते आणि तो निर्णय बदलण्याची वाटही बंद केली होती.

३/
अक्षर किती मोठे असावे, हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे. खिळे ओतणाऱ्यांनी, कागदाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी, डोळ्यांच्या वैद्यांनी आणि अखेरीस संकेतस्थळे बनवणाऱ्यांनी आपापल्या परीने त्याची उत्तरे दिली. आजच्या धाग्यात त्या उत्तरांचा प्रवास पाहू. त्या प्रवासात मराठी अक्षर वारंवार का लहान पडले, हेही पाहू.

४/
सुरुवात शिशापासून करू. छापखान्यातला खिळा म्हणजे धातूची एक चौकोनी कांडी. तिच्या माथ्यावर उलटे अक्षर कोरलेले असते. "१२ पॉइंट" हे त्या कांडीच्या अंगाचे माप आहे. माथ्यावरचे अक्षर त्या अंगाचा किती भाग व्यापते, याविषयी तो आकडा काहीच सांगत नाही. पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीतून निघतो.

५/
आधी या मापांना आकडे नव्हते, नावे होती. त्यांतले "पायका" हे नाव आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांतही रुळले होते. फ्रान्समध्ये १७३७ साली फूर्निए याने पॉइंटांची पद्धत मांडली; अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिदो याने ती नव्याने बसवली. आज संगणक ज्याला पॉइंट म्हणतो तो इंचाचा ७२ वा भाग. नावे जाऊन आकडे आले, तरी मोजले जात होते ते कांडीचे अंगच.

६/
रोमन लिपीत याने फारसे बिघडत नाही. तिची बहुतेक अक्षरे एकाच मधल्या पट्ट्यात बसतात. काहींची काठी वर जाते, काहींची शेपटी खाली उतरते. नागरीचे घर मात्र तीन मजली आहे. मधे अक्षर, शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, पायाशी उकार आणि ऋकार. "र्तीं" एवढे एक अक्षर लिहून पाहा, म्हणजे वरच्या मजल्यावर किती दाटी होते ते कळेल.

७/
तेव्हा १२ पॉइंटांच्या एकाच उंचीत रोमन आणि नागरी बसवायची ठरली, की नागरीचा मधला मजला आक्रसतो. आकडा सारखा, पण डोळ्याला दिसणारे अक्षर लहान. खिळे जुळवणाऱ्यांनी यावर तोड काढली होती. एका पद्धतीत अक्षर मधल्या ओळीत, वरची चिन्हे वरच्या ओळीत आणि उकार खालच्या ओळीत, असे वेगवेगळे खिळे लावून मराठीची एक ओळ तयार होत असे. श्रम तिप्पट, पण अक्षराचा जीव वाचे.

८/
दोन लिप्या शेजारी-शेजारी नांदवण्याचा प्रश्न मराठी पत्रकारितेच्या जन्मापासूनच आहे. बाळशास्त्री जांभेकरांच्या "दर्पण"चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. त्यात एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी मजकूर असे. एकच आशय, दोन लिप्या, कागद एकच. आज द्विभाषिक संकेतस्थळ आखणाऱ्यासमोर जो पेच उभा राहतो, त्याचा हा पूर्वज म्हणता येईल.

९/
अक्षर लहान होण्यामागे दुसरे बळ होते ते कागदाच्या किमतीचे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला नागरी खिळ्यांत छापले गेले. ते खिळे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांच्या परंपरेतले. अक्षर जितके बारीक, तितक्या पानांत अधिक मजकूर. पाने कमी, तर पुस्तक स्वस्त. बारीक अक्षराने वाचन अनेकांच्या आवाक्यात आणले, हे नाकारून चालणार नाही. पण ते वाचायला तरुण डोळे लागत.

१०/
मुंबईत १८३० च्या दशकात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम याने सुबक बालबोध खिळे घडवले. त्याच छापखान्यात लहानपणी कामाला लागलेला एक मुलगा म्हणजे जावजी दादाजी. पुढे त्यांनी निर्णयसागर छापखाना उभारला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी नागरी छपाईचा मानदंडच घालून दिला. लहान आकारातही अक्षराचे पोट मोकळे ठेवायचे, ही त्या कारागिरीतली खरी कसोटी होती.

११/
याच काळात पोथ्याही छापल्या जात होत्या आणि त्यांचा टाइप ठसठशीत होता. याचे कारण बसण्याच्या पद्धतीत आहे. पोथी चौरंगावर असते, वाचणारा मांडी घालून समोर बसतो. डोळा आणि कागद यांत हातात धरलेल्या पुस्तकापेक्षा अधिक अंतर असते; समईचा उजेड मंद; वाचणारा बहुधा वयस्क. पोथी छापणाऱ्यांनी यावर प्रबंध लिहिला नाही. त्यांनी वाचणारा कुठे बसतो, एवढे पाहिले.

१२/
हीच गोष्ट युरोपातल्या वैद्यांनी मोजपट्टी घेऊन मांडली. ब्रेस्लाऊ, म्हणजे आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ, येथील नेत्रवैद्य हेर्मान कोन यांनी १८६७ साली १०,०६० शाळकरी मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरच्या इयत्तांत ऱ्हस्वदृष्टी वाढत जाते, असे त्यांना आढळले. अपुरा उजेड, चुकीची बाके यांबरोबर त्यांनी बारीक छपाईलाही दोषी धरले. शालेय पुस्तकातले रोमन "एन" हे लहान अक्षर निदान दीड मिलिमीटर उंच असावे, असा त्यांचा आग्रह होता.

१३/
१९१३ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या समितीने शालेय पुस्तके आणि दृष्टी या विषयावर अहवाल दिला. तिने वयानुसार किमान मापे सुचवली. सात वर्षांखालील मुलांसाठी लहान अक्षराची उंची ३.५ मिलिमीटर; बारा वर्षांवरील मुलांसाठी १.५८ मिलिमीटर.

१४/
इथे जरा थांबून पाहण्याजोगे आहे. कोन यांनी आणि या समितीने पायाभूत धरली ती डोळ्याला प्रत्यक्ष दिसणाऱ्या अक्षराची उंची. कांडीचे अंग त्यांच्या दृष्टीने दुय्यम होते. छापखान्याचा आकडा जुळवणाऱ्याच्या सोयीचा होता, वैद्यांचा आकडा वाचणाऱ्याच्या सोयीचा. संगणक आला तेव्हा त्याने यांपैकी कोणता आकडा उचलला? छापखान्याचा.

१५/
१९८४ च्या मॅकिंतॉश संगणकाच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल धरले होते, म्हणजे एक पिक्सेल बरोबर एक पॉइंट. विंडोजने इंचाला ९६ पिक्सेल धरले. पडदा कागदापेक्षा लांब असतो, तेव्हा अक्षर मोठे काढावे, हा त्यामागचा विचार. परिणामी १२ पॉइंटांचे अक्षर मॅकवर १२ पिक्सेलांत उमटे आणि विंडोजवर १६ पिक्सेलांत. एकच पान एका यंत्रावर नीट दिसे, दुसऱ्यावर मुंगीच्या पावलांसारखे.

१६/
२००० साली मॅकसाठी आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीने मॅकवरही ९६ चे गणित आणि १६ पिक्सेलांचा मूळ आकार स्वीकारला. आज जवळजवळ प्रत्येक ब्राउझर याच आकड्यापासून सुरुवात करतो. शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर ते हे : १६ पिक्सेल म्हणजे ९६ च्या पडद्यावर आलेला जुना १२ पॉइंटांचा पायका. डोळे तपासून ठरवलेला हा आकडा नव्हे. तो वारसाहक्काने आला.

१७/
पुढे पिक्सेलची व्याख्याही सुधारली. वेबच्या मानकांत पिक्सेल हा डोळ्याशी होणारा कोन मानला जातो. ९६ च्या पडद्यावरचा एक ठिपका २८ इंचांवरून, म्हणजे हातभर अंतरावरून, जेवढा दिसतो तेवढा. यंत्र जवळ धरायचे असेल तर ठिपका लहान, लांब असेल तर मोठा. पोथी छापणाऱ्यांचा हिशेब इथे शास्त्राच्या भाषेत परत आला.

१८/
पण या हिशेबाचा अर्थ नीट लावू. हातभर अंतरावरचे १२ पॉइंट डोळ्याला तेवढेच भासतात, जेवढे त्याच्या निम्म्या अंतरावर धरलेल्या पुस्तकातले ६ पॉइंट. सहा पॉइंटांत कोणी कादंबरी छापत नाही. म्हणजे १६ पिक्सेल ही चैन नाही. सलग मजकुरासाठी तो तळ आहे.

१९/
आणि फोन? तो जवळ धरला जाईल असे गृहीत धरून त्याचे पिक्सेल बारीक ठेवलेले असतात. चाळिशी लागलेला माणूस मात्र फोन लांब धरतो, कारण जवळचे त्याला दिसत नाही. ज्याला मोठे अक्षर हवे, नेमका त्याच्याच बाबतीत हे गृहीतक कोलमडते.

२०/
हे सारे वेबच्या जनकांच्या ध्यानात नव्हते, असे मात्र नाही. १० ऑक्टोबर १९९४ रोजी होकून विउम ली यांनी पानांच्या शैलीसाठी एक प्रस्ताव मांडला. तोच पुढे सीएसएस झाला. त्या मूळ मसुद्यात प्रत्येक सूचनेपुढे टक्केवारी लिहिण्याची सोय होती. लेखकाला त्या आकाराचा आग्रह किती आहे, हे त्यातून कळावे आणि उरलेला वाटा वाचकाच्या पसंतीला मिळावा, ही कल्पना. आकार हा लेखक आणि वाचक यांच्यातला करार असावा, असे ते पाहत होते.

२१/
टक्केवारी पुढे गळाली. सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली आणि संकेतस्थळे आखण्याचे काम छापील मांडणीत मुरलेल्या हातांकडे गेले. पडदे लहान, मजकूर बराच, आणि बारीक अक्षर "नीटनेटके" दिसते हा समज. १० आणि ११ पिक्सेलांचा काळ सुरू झाला. त्यात विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एक खोट होती. आकार पिक्सेलांत लिहिला असेल, तर वाचकाने "मजकूर मोठा करा" म्हटले तरी तो मोठा होत नसे.

२२/
इंग्रजीला या काळात एक आधार मिळाला. मॅथ्यू कार्टर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला व्हर्डाना हा फॉन्ट १९९६ साली आला. त्याची लहान अक्षरे त्याच चौकटीत मुद्दाम उंच आणि रुंद ठेवलेली होती. पडद्यावर आकडा तोच राहून अक्षर मोठे दिसे. कोन यांनी जे मोजले होते तेच कार्टर यांनी वाढवले.

२३/
मराठी तेव्हा कुठे होती? युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. पण घरोघरच्या संगणकांत ती पोहोचायला वेळ लागला. तोवर निरनिराळ्या मराठी संकेतस्थळांचे निरनिराळे फॉन्ट असत. तो उतरवून घेतला नाही तर पानभर अगम्य चिन्हे दिसत. विंडोज २००० मध्ये मंगल हा नागरी फॉन्ट आला. तो घडवला मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी, जे कवी होते आणि सुलेखनकारही. आज सरकारी कागदपत्रांत दिसणारे ते ओळखीचे अक्षर त्यांचे.

२४/
फॉन्ट आला, पण आकडे इंग्रजी पानांवरूनच उतरवले गेले. ११ पिक्सेलांच्या उंचीत वर रफार-वेलांटी-अनुस्वार, खाली उकार आणि मधे अक्षर. मधल्या मजल्याला उरतात जेमतेम पाच-सहा ठिपके. त्यांत "ष्ट्य" काढून दाखवा! घ आणि ध, भ आणि म यांतला भेद शिरोरेषेच्या एका खाचेवर अवलंबून असतो. ती खाच एका ठिपक्याची असते आणि बारीक आकारात ती प्रथम बुजते.

२५/
अनुस्वाराचेही तसेच. "त्याचे" आणि "त्यांचे" यांत एका टिंबाचा फरक आहे. एक की अनेक, एकेरी की आदरार्थी, हे ते टिंब सांगते. बातमीत, निकालपत्रात, अर्जातल्या सूचनेत ते टिंब दिसले नाही तर वाचणारा अडखळत नाही. तो चुकीचे वाचतो आणि पुढे जातो. हे अधिक वाईट.

२६/
ओळींतल्या अंतराची कथा वेगळी नाही. इंग्रजीसाठी पुरणारे अंतर मराठीला दिले, की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना टेकतात. काही ठिकाणी तर चौकटीच्या कडेने मात्रा कापलीच जाते. खिळे तीन ओळींत लावणाऱ्या जुळाऱ्याने हे कधी होऊ दिले नसते. त्याला प्रत्येक मात्रेला हात लावावा लागे.

२७/
नियम झाले. सुगमतेच्या १९९९ च्या जागतिक मार्गदर्शिकेने पिक्सेलांसारख्या ठाम मापांऐवजी सापेक्ष मापे वापरा, असे सांगितले. डिसेंबर २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीने मजकूर दुप्पट आकारापर्यंत वाढवता आला पाहिजे आणि तसे करताना काही हरवता कामा नये, अशी अट घातली. अमुक पिक्सेल हवेतच, असे तिने म्हटले नाही. आकडा ठरवण्याऐवजी तिने वाचकाचा वाढवण्याचा हक्क राखला.

२८/
२००७ मध्ये आयफोन आला आणि दोन बोटांनी पान मोठे करण्याची सवय जगाला लागली. मग ही वाट बंद कोणी केली? आयफोनच्या ब्राउझरमध्ये अर्जाच्या रकान्यातले अक्षर १६ पिक्सेलांहून लहान असेल, तर रकान्यावर बोट ठेवताच पान आपोआप मोठे होते. अनेक बनवणाऱ्यांना तो अडथळा वाटला. सरळ उपाय होता रकान्यातले अक्षर १६ पर्यंत नेणे. कित्येकांनी त्याऐवजी मोठे करण्याची सोयच बंद केली. २०१६ साली ॲपलने आपल्या ब्राउझरमध्ये ही बंदी जुमानणे थांबवले. पण ती ओळ पानापानांतून नकलली जात राहिली.

२९/
लिपीनुसार आकार जुळवण्याची साधनेही फार पूर्वी सुचवली गेली होती. १९९८ च्या सीएसएसमध्ये भाषेनुसार वेगळी शैली लावण्याची सोय होती. फॉन्ट बदलला तरी दिसणारी उंची कायम राहावी, यासाठीचा गुणधर्मही त्यातच होता. हा दुसरा गुणधर्म मधे वगळला गेला, पुन्हा आला आणि सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचायला २०२४ उजाडले. दिसणारी उंची मोजा, हे कोन यांचे म्हणणे तोवर जवळजवळ दीड शतकाचे झाले होते.

३०/
इतिहासाच्या विद्यार्थिनीने सल्ला देऊ नये, पण या प्रवासातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगते. मूळ मजकुराला वाचकाच्या ब्राउझरचा आकार आधार म्हणून घ्या आणि पुढची मापे त्याच्या पटीत लिहा. मराठी शेजारच्या इंग्रजीपेक्षा थोडी मोठी ठेवा; इंग्रजी १६ असेल तर मराठी १८ च्या आसपास मला सुखाची वाटते. ओळींतले अंतर आकाराच्या दीडपटीहून अधिक असू द्या. मोठे करण्याची वाट कधीही बंद करू नका.

३१/
आणि एक साधी परीक्षा. "त्यांचे", "मूर्ती", "वैशिष्ट्य" आणि "भ्रमंती" हे चार शब्द पानावर लिहा. फोन हातभर लांब धरा. जवळ न आणता टिंब दिसते का, ते घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा. ब्रेस्लाऊच्या वैद्याने मुलांना विचारले होते, आपण आजी-आजोबांना विचारू.

३२/
त्या दिवशी मी सूचना आजीला वाचून दाखवल्या. ती चष्मा काढून मांडीवर ठेवून ऐकत होती. सगळ्यात खाली एक चौकट होती आणि तिच्यापुढे लिहिले होते : "मी वरील सर्व सूचना वाचल्या आहेत." आजी म्हणाली, "मी कुठे वाचल्या?"

चौकटीत खूण केल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हते. ती खूण मी केली.

(धागा समाप्त)